थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं मॉडेल पहिल्यांदा सीटी स्कॅनरमध्ये ठेवताना

थेट यकृताच्या मॉडेलला हात घालू नका. आधी त्याच प्लास्टिकचा, त्याच सेटिंगवर छापलेला साधा ठोकळा स्कॅन करा. शेजारी पाण्याची बाटली ठेवा: पाणी 0 एचयूच्या (हाउन्सफील्ड युनिट, पदार्थ क्ष-किरण किती अडवतो याचं सीटीतलं एकक) आसपास, हवा उणे 1000 च्या जवळ यायला हवी.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे इन्फिल (छापताना तुकड्याच्या आत भरायच्या प्लास्टिकचं प्रमाण) कमी ठेवणं. तुकडा बाहेरून गुळगुळीत, आत मात्र जाळी. तिच्यातली हवा स्कॅनमध्ये नक्षीसारखी उमटते आणि आपण यंत्राला दोष देत बसतो. इन्फिल 100 टक्के ठेवा. तरीही थरांमध्ये बारीक फटी राहतात, त्या नीट बघा.

- केव्हीपी (क्ष-किरण नळीचा व्होल्टेज), स्लाइसची (स्कॅनमधल्या एका कापाची) जाडी, रिकन्स्ट्रक्शन (मोजमापांतून चित्र तयार करायची पद्धत): एका वेळी एकच बदला.
- नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) एका स्कॅनवर ठरवू नका. मॉडेल न हलवता तीन-चारदा घ्या.

एमआरआय आत्ता नको. घट्ट प्लास्टिक तिथे काळंच दिसतं. ठोकळ्याचे आकडे आले की कळवा, मिळून बघू.