वाचकांचे प्रश्न : मॅकबेथचे संवाद गेले कुठे?

प्रश्न : मॅकबेथ कॉलेजात अभ्यासाला होतं म्हणून हौसेने 'थ्रोन ऑफ ब्लड' हा जपानी पिक्चर लावला. पण त्यात शेक्सपिअरचं एक वाक्य नाही हो! निम्मा वेळ नुसतं धुकं, आणि बायको पुतळ्यासारखी बसून. मग याला मॅकबेथ का म्हणायचं? आणि शेवटचे ते बाण खरे होते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वाक्यं नाहीत हे खरंय. आपल्याकडे शिरवाडकरांनी मॅकबेथवरून 'राजमुकुट' केलं तेव्हा भिस्त भाषेवरच होती, या पिक्चरचा दिग्दर्शक कुरोसावाने १९५७ साली नेमकं उलट केलं, गोष्ट ठेवली, जपानी सरदारांच्या लढायांच्या काळात नेली आणि काव्य सगळं सोडून दिलं. पण नाटकात मॅकबेथ स्वतःशी जे बोलतो ना, ते इथे आजूबाजूला दिसत राहतं. वाशिझु (म्हणजे इथला मॅकबेथ) आणि त्याचा मित्र मिकी जंगलातलं भाकीत ऐकून निघतात आणि धुक्यात घोडे एकदा इकडे, एकदा तिकडे, वाटच सापडत नाही. सीन जरा लांबलाय हे मलाही वाटतं, पण गादी मिळणार हे ऐकल्यावर त्याच्या डोक्यात दुसरं काय चालू असणार! किल्ल्याचा सेटसुद्धा मुद्दाम फुजीच्या उतारावर लावला होता, तिथलं धुकं आणि काळी माती हवी म्हणून.

रक्ताचं पण तसंच. वाशिझुची बायको आसाजी शेवटी हात धूत बसते ते नाटकातलंच, पण त्याच्या कितीतरी आधी नवरा-बायको ज्या खोलीत खुनाचं ठरवतात तिथे जुन्या गद्दाराच्या रक्ताचे डाग आहेत, धुऊनही न गेलेले.

आणि आसाजी बसून असते म्हणून वैतागू नका, तिचं काम करणाऱ्या इसुझु यामादाचा मेकअप, बसणं, चालणं सगळं नो नावाच्या जुन्या जपानी मुखवट्यांच्या नाटकातून आलंय. पहारेकऱ्यांना पाजायची दारू आणायला ती उठते, दारातून काळ्याकुट्ट अंधारात दिसेनाशी होते आणि सुरई घेऊन परत येते, मध्ये फक्त किमोनोची सळसळ. माझ्या मते पिक्चरमधला सगळ्यात भारी सीन हाच, बाणांचा नाही, लोक बाणांचंच बोलत बसतात ते सोडा.

बाण बरेचसे खरे होते, तरबेज तिरंदाजांनी वाशिझु झालेल्या तोशिरो मिफुनेच्या आजूबाजूला मारलेले, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरची भीती सगळी अ‍ॅक्टिंग नाहीये. पण मारतं कोण ते बघा. नाटकात मॅकडफ मारतो, इथे वाशिझुची स्वतःची माणसं. जंगल चालून आल्याशिवाय मी हरणार नाही, हे त्यानेच थोड्या वेळापूर्वी त्यांना हसत सांगितलेलं असतं, आणि मग धुक्यातून झाडं पुढे सरकताना त्यांना दिसतात.