‘आपली रुची निवडा’ : रुच् धातूविषयी

एखादे ॲप पहिल्यांदा उघडले की ‘आपली रुची निवडा’ असे विचारते. हे मराठी योग्य आहे काय आणि ‘रुची’ व ‘अभिरुची’ यांत फरक काय, असा प्रश्न आहे.

योग्य नाही. हिंदीतले ‘रुचि रखना’ येथे जसेच्या तसे उतरले आहे. मराठी माणसाला विषयाची गोडी लागते, त्यात रस वाटतो; रुची जाते ती तापात तोंडाची.

मुळात ‘रुची’ ज्यावरून आला त्या संस्कृत रुच् धातूचा पहिला अर्थ चवीचा नाहीच. धातुपाठात (संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत) ‘दीप्तावभिप्रीतौ च’ असे आहे, म्हणजे आधी प्रकाशणे आणि मग आवडणे. सोन्याला ‘रुक्म’ म्हणतात ते त्यामुळेच. रुक्मिणीच्या नावात तेच सोने आहे, आणि लॅटिनमधला प्रकाशवाचक ‘लुक्स’ही याच कुळातला आहे. मोदक मला रुचतो तेव्हा क्रियेचा कर्ता मोदक असतो आणि ज्याला तो रुचतो त्याला पाणिनी (अष्टाध्यायी १.४.३३) चतुर्थीत बसवतो. जी वस्तू माझ्यापुढे आपणहून उजळून यायची, ती पाहण्याआधीच ॲपने मांडलेल्या वीस चौकोनांतून मी कशी निवडणार? दीप्तीचा अर्थ मराठीत उरलेला नाही, असे सांगणाऱ्या अभ्यासकांनी ‘रुचिर’ (तेजस्वी, सुंदर) या शब्दाचा अर्थ ‘चविष्ट’ असा करून दाखवावा.

रघुवंशाच्या सहाव्या सर्गात स्वयंवराच्या वेळी राजकन्या इंदुमती अंगराजावरून नजर काढून पुढे जाते, तेव्हा कालिदास म्हणतो की तो काम्य नव्हता असे नाही, तिला पारख नव्हती असेही नाही, ‘भिन्नरुचिर्हि लोकः’, लोकांची रुची वेगवेगळी असते. हा भिन्नपणाच आज झिजतो आहे. इन्स्टाग्रामने २०१६ साली कालक्रम सोडून, तुम्हाला काय आवडेल या अंदाजाने चित्रे मांडायला सुरुवात केली. तो अंदाज तुमच्या मागच्या पाहण्यावरून आणि तुमच्यासारख्या इतरांच्या पाहण्यावरून बांधला जातो, त्यामुळे पुण्यातल्या आणि बर्लिनमधल्या कॅफेत तीच उघडी सिमेंटची भिंत आणि तेच लोंबते पिवळे दिवे दिसू लागतात. ‘रुचिपालट’ हा आपला किती नेमका शब्द आहे, आणि नेमकी तीच गोष्ट हा अंदाज होऊ देत नाही.

राहिला ‘अभिरुची’चा भाग. ‘अभि’ म्हणजे ‘कडे’. पाहणाऱ्याने वस्तूकडे वळण्याची, वळत राहण्याची सवय त्यात येते, म्हणूनच आपण ‘अभिरुची घडते’ असे म्हणतो आणि ‘रुची घडते’ असे म्हणत नाही. ॲपवाल्यांनी ‘आवडीचे विषय सांगा’ एवढेच लिहावे.