युनिसेफला दोनदा मेल केला, उत्तरच नाही!

प्रश्न : आमची संस्था छोटी आहे, बीड जिल्ह्यात. दिवाळीच्या आसपास आईबाप उचल (आगाऊ पैसे) घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेले की मागे राहिलेली पोरं आम्ही सांभाळतो, मुलींची लग्नं घाईत उरकू नयेत म्हणून घरच्यांना समजावतो. युनिसेफला दोनदा मेल केला, उत्तर नाही. एकजण म्हणतो आधी एफसीआरए काढा, पन्नास हजारात करून देतो. देऊ का?

उत्तर : ताई, एक रुपयासुद्धा देऊ नका. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा 2010 चा कायदा, आणि त्यात संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना ‘विदेशी स्रोत’ धरलेलंच नाही, म्हणजे युनिसेफच्या पैशाला ती नोंदणी लागत नाही. हां, जर्मनीतल्या वगैरे एखाद्या संस्थेकडून निधी घ्यायचा तर लागते, आणि तिथे संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, तीन वर्षांत कामावर 15 लाख खर्च केलेला हवा, खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. शिवाय मोठ्या संस्थेने परदेशी निधी घ्यायचा आणि त्यातला थोडा आपल्याला द्यायचा, हा जुना रस्ता 2020 च्या दुरुस्तीने बंद झालाय, बऱ्याच जणांना हे अजून माहीत नाही.

आता मेलचं. ‘आम्हाला मदत करा’ असे मेल त्यांच्याकडे ढिगाने येत असणार. संयुक्त राष्ट्रांचं पार्टनर पोर्टल आहे, तिथे संस्थेची नोंद करा, प्रस्ताव मागवले की तिथेच दिसतात. ऑडिट तर बघतातच, पण पोरांशी कोण कसं वागतं आणि तक्रार आली तर काय करता याचं लेखी धोरण आहे का हेही विचारतात, आणि छोट्या संस्था नेमक्या इथेच अडकतात.

पण भागीदारी म्हणजे फक्त पैसा नाही हो. तुमच्याकडे वही असेलच ना, कोणाचे आईबाप कधी गेले, पोरगं किती दिवस शाळेत आलं, कुठली मुलगी हंगाम संपल्यावर वर्गात परत आलीच नाही? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात भारत 1992 मध्ये सामील झाला, त्यामुळे सरकारला जिनिव्हातल्या बालहक्क समितीकडे अहवाल द्यावा लागतो, आणि त्याच वेळी संस्थांनाही स्वतःचा पर्यायी अहवाल देता येतो, फी-बी काही नाही. एकट्याने देशभराचा लिहायची गरज नाही, बालहक्कांवर काम करणाऱ्या संस्थांचा गट तो तयार करत असेल त्यांना तुमच्या तालुक्याची दोन पानं द्या, नावं काढून. दिल्लीत बसलेल्याकडे ती वही नाहीये.

आणि त्या मेलला पोरांचे फोटो जोडले होते का? पुढच्या वेळी जोडू नका, लग्न थांबवलेल्या मुलीचा तर अजिबात नाही.