लातूरजवळच्या शेतावर आफ्रिकन सिंहाचा छावा पाळता येईल का?

नाही. सिंह आफ्रिकेतून आणलेला असला तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो घरी पाळता येत नाही. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, मांडीवर बसून बाटलीने दूध पिणारा छावा वर्षभरात खेळता-खेळता माणसाला आडवा पाडण्याइतका जड होतो, तर पूर्ण वाढलेला नर १५० किलोंच्या पुढे जातो. दावणीचा बैल हजारो वर्षांत माणसाळला आहे, सिंह नाही. २०११ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात झेन्सव्हिलजवळ एका मालकाने सुमारे ५० प्राणी मोकळे सोडले, तेव्हा १८ वाघांसह बहुतेकांना पोलिसांना गोळ्या घालाव्या लागल्या. आपल्याकडे तर कुंपणालगतच ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात, आणि बंदुकीने भूल देणारा पशुवैद्यक तालुक्याच्या गावीही सहसा मिळत नाही.