सहकुटुंब लांबच्या प्रवासाला पहिल्यांदाच निघताय?

नकाशातले तास बघून दिवस आखू नका, एवढं आधी ऐका. आम्ही देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो तेव्हा रोज 10 तास गाडी चालवायचं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलं रडकुंडीला आलेली आणि माझा डोळा लागला. चाक कडेच्या खडीवर गेलं, त्या खरखरीनेच जाग आली. तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून दर 2 तासांनी 15 मिनिटं थांबायचं, दिवसाला 6 तासांच्या वर चालवायचं नाही. गाणी लावून, काच खाली करून झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी लावा आणि 20 मिनिटं झोपा.

टायरची हवा सकाळी, टायर गार असतानाच तपासा. भरलेल्या गाडीला जास्त लागते. आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. स्टेपनीही बघा, ती हमखास राहून जाते.

मुलांना मळमळलं तर मोबाइल बाजूला ठेवायला लावा, लांब क्षितिजाकडे बघू द्या. मान खाली असली की डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, कानाच्या आतल्या भागाला मात्र हालचाल जाणवते.

आणि एक कोरी वही घ्या. आमची मुलगी रोज दोन ओळी लिहायची. फोटो हजारभर आहेत, पण परवा वही उघडली तर एका पानावर होतं, 'आज बाबा आमच्याबरोबर नदीत दगड फेकत बसले.' त्या दिवसाचा एकही फोटो नाही.