जनरल पर्पज बॉम्ब म्हणजे नेमकं काय, आणि गायडेड मिसाईलच्या जमान्यात हे कोण वापरतं?

सगळेच वापरतात हो. जनरल पर्पज म्हणजे स्फोटाचा दणका, उडणारे तुकडे आणि थोडंफार आत घुसणं, तिन्ही कामं बऱ्यापैकी करणारा बॉम्ब. अमेरिकेचा मार्क ८२ घ्या, ५०० पौंडाचा, त्यात स्फोटक साधारण ८७ किलो, बाकी सगळं स्टीलचं जाड कवच जे फुटून तुकडे होतात. निमुळता आकार जेट विमानांसाठी, नाहीतर पंखाखाली लटकवल्यावर हवा खूप अडवतो.

व्हिएतनाममध्ये खूप खालून टाकताना घोळ असा की बॉम्ब फुटेपर्यंत विमान जवळपास वरच असतं, म्हणून शेपटीला छत्रीसारखे उघडणारे पंख लावले, बॉम्ब मागे पडतो आणि पायलट निसटतो. साधी आयडिया पण भारी.

१९६७ ला फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर आग लागली तेव्हा जुने बॉम्ब दीड मिनिटातच फुटायला लागले, १३४ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकन नौदलाच्या बॉम्बवर उष्णता अडवणारा थर आला, म्हणून त्यांचा पृष्ठभाग खरबरीत दिसतो.

आणि गायडेड म्हणता ते तरी काय, बऱ्याचदा हाच लोखंडी गोळा, फक्त पुढेमागे त्याला निशाण्याकडे वळवणारं किट लावलेलं. कारगिलला जून १९९९ मध्ये आपल्या मिराज लढाऊ विमानांनी टायगर हिलवर टाकले ते पण १००० पौंडी बॉम्बच होते, लेझर किट बसवलेले. मिसाईलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं ना, त्यामुळे कोण सोडतंय.