माझी गीतं चर्चमध्ये गायली जातात, पण कुठेच नाव नाही आणि मानधनही नाही. मागणं चुकीचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमची चार गीतं जिल्ह्यातल्या बऱ्याच मंडळ्यांत गायली जातात, एका गीतपुस्तकात छापली आहेत, यूट्यूबवरही आहेत आणि सगळीकडे रचनाकार म्हणून 'पारंपरिक' असं लिहिलंय. पाळकसाहेबांकडे विषय काढलात, तर 'प्रभूच्या सेवेचा हिशेब मागता का?' असं ऐकावं लागलं. मागणं अजिबात चुकीचं नाही. नाव तर आजच मागा. पैसे कुठे मागता येतात आणि कुठे नाही, ते खाली सांगतो.

आधी माझी कबुली. आमच्या मंडळीत उपासनेच्या स्लाइड मी बरीच वर्षं बनवतोय. सुरुवातीला फक्त शब्द टाकायचो, कोणाचे ते टाकत नव्हतो. एका रविवारी एक निवृत्त शिक्षिका पाहुण्या म्हणून आल्या होत्या. उपासना संपल्यावर माझ्याजवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "शेवटच्या कडव्यात मी 'उंबरठ्यावर' लिहिलं होतं. ते 'चरणांवर' कुणी केलं?" आम्ही ते गीत कित्येक वर्षं गात होतो आणि ते लिहिणारी बाई आमच्यातच बसून आमच्याबरोबर गात होती. त्यांनी पैशाचा शब्दही काढला नाही. त्यांच्या गीतातला उंबरठा त्यांना परत हवा होता. त्या आठवड्यात मी सगळ्या स्लाइड पुन्हा केल्या. ज्यांची नावं सापडली त्यांची टाकली.

आता कायदा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्याला सूट आहे. म्हणजे रविवारच्या उपासनेत, प्रभुभोजनाला किंवा नाताळच्या भक्तीत मंडळीने तुमचं गीत गायलं, तर त्याचे पैसे मागता येत नाहीत. मला ते योग्य वाटतं. वीस घरांच्या खेड्यातल्या मंडळीने गाण्याआधी कोणाची परवानगी काढायची?

पण ही सूट गाण्याला आहे, गीतपुस्तक छापून विकायला नाही. स्टुडिओत रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकायलाही नाही. तिकीट लावलेल्या गॉस्पेल कॉन्सर्टला तर मुळीच नाही, तिला उपासना कोण म्हणेल? इथे तुमची परवानगी लागते आणि मानधन मागणं तुमचा हक्क आहे. उपासनेच्या थेट प्रक्षेपणावरून मात्र मी भांडणार नाही, कारण त्या कलमात विधीदरम्यान गीत लोकांपर्यंत पोचवण्याचाही उल्लेख आहे.

नावाचा हक्क याहून वेगळा आहे. कलम ५७ प्रमाणे, कॉपीराइट तुम्ही दुसऱ्याला देऊन टाकला असला तरी 'हे मी लिहिलं' असं सांगण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. तुमच्या लौकिकाला धक्का लागेल अशी गीताची मोडतोड झाली, तर तीही थांबवता येते. ख्रिस्ती भक्तिगीतं लिहिणारे कवी ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे त्यांची गीतं केव्हाच सर्वांसाठी खुली झाली. तरी आमच्याकडे आजही 'टिळकांचं गीत घ्या' असंच म्हणतात. त्यांना मिळतं ते हयात माणसाला का मिळू नये?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत परवानगीशिवाय गीतांच्या प्रती काढल्या म्हणून एका प्रकाशकाने शिकागोच्या कॅथलिक धर्मप्रांतावर दावा लावला. १९८४ मध्ये ज्युरीने ३० लाख डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. अपिलात त्यातली बहुतेक रक्कम गेली, पण चर्चेस हादरली. १९८८ मध्ये तिथे सीसीएलआय नावाची व्यवस्था उभी राहिली. चर्च आपल्या आकाराप्रमाणे वर्षाची फी भरतं, कोणती गीतं वापरली ते कळवतं आणि त्यानुसार रचनाकारांना वाटा जातो. पडद्यावर गीताखाली कवीचं नाव येतं. तिथेही उपासनेत गाणं मोफतच आहे. फी आहे ती प्रती काढण्याची.

तुम्ही काय करावं? जुनी वही, पहिल्यांदा गायल्याची पत्रिका, कोणाला पाठवलं असेल तर तो मेसेज, सगळं एकत्र करा. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर उपयोगी पडते. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात. चारपैकी एखादं गीत दुसऱ्याच्या चालीवर असेल, तर त्याचंही नाव सांगा. आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करते, तिचं सभासदत्व घ्या. आणि कोणी 'फक्त एक सही करा' म्हणून कागद पुढे केला, तर मुदत वाचल्याशिवाय सही करू नका. हक्क लेखी आणि सहीनेच दिले जातात. कागदावर मुदत नसेल, तर कायदा ती ५ वर्षं धरतो.

वकिलाची नोटीस आधी नको. गीतपुस्तक काढणाऱ्यांना भेटा, पुढच्या आवृत्तीत नाव घालायला सांगा आणि विक्रीतला वाटा किती, तेही तिथेच विचारा. चॅनेलवाल्यांना फोन करा. वर्णनातलं 'पारंपरिक' काढून तुमचं नाव घालायला पाच मिनिटं लागतात. ऐकलं नाही, तर यूट्यूबकडे कॉपीराइटची तक्रार करता येते. आणि तुमच्या मंडळीत स्लाइड कोण बनवतं, त्याला आधी गाठा. शेवटच्या कडव्याखाली बारीक अक्षरात एक ओळ पुरते: शब्द अमुक, चाल अमुक, साल अमुक. येत्या रविवारपासून ती दिसू शकते.